मॅगसल्फचे इंजेक्शन: बाळंतपणातील झटक्यांवरचे औषध आणि त्याची राखण

नीरा (सोमवार, रात्री ९.४०)

माझी धाकटी बहीण पहिलटकरीण असून बाळंतपणासाठी माहेरी आली होती. चौतिसाव्या आठवड्यात तिच्या पायांवरची सूज चेहऱ्यावर आली, दोन दिवस डोके सतत ठणकत राहिले आणि तिसऱ्या दिवशी सकाळी तिच्या डोळ्यांपुढे काजवे चमकू लागले. गावातील आशाताई तिला तातडीने प्राथमिक आरोग्य केंद्रात घेऊन गेल्या. तेथे रक्तदाब १७०/११० भरला आणि लघवीतून भरपूर प्रथिने जात असल्याचे दिसले. डॉक्टर त्या वेळी लसीकरणासाठी दुसऱ्या गावी होते. केंद्रावरील सिस्टरांनी त्यांच्याशी फोनवर बोलून बहिणीला कमरेत दोन्ही बाजूंना एकेक मोठे इंजेक्शन दिले, चिठ्ठी लिहून हातात ठेवली आणि १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिकेने तिला मोठ्या रुग्णालयात पाठवले. चिठ्ठीवर असे लिहिले होते: ‘मॅगसल्फ, उजवीकडे ५ ग्रॅम, डावीकडे ५ ग्रॅम, वेळ सकाळी ११ वाजून ४० मिनिटे.’ मॅगसल्फ म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट.

रुग्णालयात पोहोचल्यावर तेच औषध पुन्हा शिरेतून दिले. ते जात असताना बहीण म्हणाली, “ताई, अंगातून वाफा निघताहेत, जीभ जड झाली आहे.” त्यानंतर रात्रभर दर तासाला एक सिस्टर येऊन तिच्या गुडघ्याच्या वाटीखाली छोट्या हातोडीने ठोकून पाहत, घड्याळ धरून श्वास मोजत आणि लघवीच्या पिशवीवरचा आकडा कागदावर टिपत. दुसऱ्या दिवशी शस्त्रक्रिया करून मुलगी झाली. तिचे वजन १ किलो ८०० ग्रॅम भरले. तिला नवजात शिशू कक्षात ठेवले आहे. बहिणीला एकही झटका आला नाही.

आता घरात वेगळाच वाद उभा राहिला आहे. बहिणीच्या सासूबाईंचे म्हणणे असे की डॉक्टर हजर नसताना सिस्टरांनी एवढ्या मोठ्या मात्रेचे औषध देणे हा बेजबाबदारपणा होता, आणि बाळ कमी वजनाचे झाले ते त्यामुळेच. आमच्या मावशी म्हणतात की मॅगसल्फ म्हणजे पाय शेकायचे एप्सम सॉल्टच, त्याने काय होणार आहे? या दोन टोकांमध्ये खरे काय आहे, हे जाणकारांकडून समजून घ्यायचे आहे.

प्रसूतिकक्ष (सोमवार, रात्री ११.१५)

नीराताई, मी ३१ वर्षे सरकारी रुग्णालयांच्या प्रसूतिकक्षात परिचारिका म्हणून काम केले आणि आता निवृत्त झाले आहे. आधी एकच गोष्ट सांगते. त्या केंद्रावरच्या सिस्टरांनी जे केले, तेच करायला आम्हाला शिकवले जाते. भारत सरकारच्या प्रसूती सहायकांसाठीच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये ए.एन.एम. ला, म्हणजे गावपातळीवरच्या परिचारिका-सुईणीला, ही पहिली मात्रा देऊन रुग्ण पुढे पाठवण्याची मुभा स्पष्टपणे दिलेली आहे. ती मात्राही हीच, म्हणजे दोन्ही बाजूंना ५-५ ग्रॅम, स्नायूत खोलवर. झटका येण्याची शक्यता सर्वांत जास्त असते ती रस्त्यावर, जेथे कोणीही काही करू शकत नाही. म्हणून मात्रा आधी द्यायची आणि गाडी नंतर हलवायची.

मात्रा मोठी वाटते, कारण कुप्या मोजताना ती डोळ्यांना दिसते. आपल्याकडे मिळणारी नेहमीची कुपी २ मिलिलिटरची असते. त्यात ५० टक्के द्रावण, म्हणजे १ ग्रॅम औषध. स्नायूतल्या १० ग्रॅमसाठी दहा कुप्या फोडाव्या लागतात. त्या दोन मोठ्या सिरिंजमध्ये भरायच्या आणि दुखू नये म्हणून प्रत्येकीत १ मिलिलिटर बधिर करणारे लिग्नोकेन घ्यायचे. शिरेतून द्यायच्या ४ ग्रॅमसाठी आणखी चार कुप्या लागतात. ५० टक्क्यांचे द्रावण तसेच्या तसे शिरेत कधीही सोडायचे नाही. त्या चार कुप्यांतील ८ मिलिलिटरमध्ये १२ मिलिलिटर निर्जंतुक पाणी मिसळून २० मिलिलिटर करायचे, म्हणजे द्रावण २० टक्क्यांचे होते. मग घड्याळाकडे पाहत, निदान पाच मिनिटे आणि शक्यतो त्याहूनही सावकाश, ते द्यायचे. त्या वेळी अंगाची आग होणे, चेहरा लाल होणे, घाम फुटणे, मळमळणे हे बहुतेकींना होते. मी देण्याआधीच सांगून ठेवत असे, “बाई, अंग तापल्यासारखे होईल, घाबरू नकोस, मी इथेच आहे.” ते आधी सांगितले नाही तर आई घाबरते आणि घाबरल्याने रक्तदाब आणखी चढतो.

आता गुडघ्याविषयी. या औषधाने स्नायू आणि नसा यांच्यातला निरोप मंदावतो. प्रमाण जास्त होऊ लागले की सर्वांत आधी गुडघ्याची उडी नाहीशी होते, आणि श्वास बंद पडण्याची पाळी त्याच्या बरीच नंतर येते. मधला हा अवधी आपल्या हातात असतो. म्हणून दर चार तासांनी पुढची ५ ग्रॅमची मात्रा देण्याआधी तीन गोष्टी पाहायच्याच: गुडघा उडतो का, श्वास मिनिटाला किमान १६ आहेत का, आणि मागच्या चार तासांत लघवी किमान १०० मिलिलिटर, म्हणजे तासाला साधारण २५ ते ३० मिलिलिटर, झाली आहे का. तिघांपैकी एकही कमी पडले तर मात्रा थांबवायची. ट्रेमध्ये उतारा म्हणून कॅल्शियम ग्लुकोनेटची १० मिलिलिटरची कुपी सिरिंजसह तयार ठेवायची. ती कपाटात कुलूपबंद असेल तर तिचा उपयोग नाही.

एका रात्रीचे सांगते. वीस वर्षांची मुलगी होती, झटका येऊन गेलेला, बाळ जन्मलेले. रात्री दोन वाजता तिसरी मात्रा द्यायची होती. मी हातोडी मारली, पाय हलला नाही. दुसऱ्या पायावर मारली, तोही नाही. श्वास मोजले तर १८ होते. मग खाली वाकून पिशवी पाहिली. चार तासांत जेमतेम ६० मिलिलिटर, तीही गडद चहासारखी. भरलेली सिरिंज मी ट्रेमध्ये परत ठेवली आणि डॉक्टरांना उठवले. त्यांनी मात्रा रोखली आणि मला तिच्या उशाशी बसवून ठेवले. पहाटे पाचच्या सुमारास लघवी सुटू लागली आणि गुडघा पुन्हा हलला. त्या रात्री मी कागदावर फक्त वेळ पाहून सिरिंज टोचली असती, तर काय झाले असते याचा विचार मी पुढे कितीतरी वर्षे नव्या मुलींना शिकवताना केला आहे.

कुपी (मंगळवार, सकाळी ८.०५)

मी औषधनिर्माता आहे. मावशींच्या प्रश्नाचे उत्तर मी देतो, कारण हा गोंधळ आमच्या दुकानातही रोज होतो.

रासायनिकदृष्ट्या मावशी बरोबर आहेत. इंग्लंडमधील एप्सम गावच्या कडू पाण्याच्या झऱ्यातून मिळणारे मीठ सतराव्या शतकात रेचक म्हणून प्रसिद्ध झाले आणि नेहेमाया ग्र्यू या वैद्याने १६९५ साली त्यावर पुस्तिका लिहिली. ते मीठ म्हणजे मॅग्नेशियम सल्फेटच. परंतु पोटात घेतलेले हे मीठ आतड्यातून फार थोडे शोषले जाते. ते आतड्यात पाणी ओढून धरते, म्हणून जुलाब होतात. शिरेतून किंवा स्नायूतून दिले की तेच सगळेच्या सगळे रक्तात पोहोचते आणि मेंदू, स्नायू, हृदय यांवर काम करते. रसायन तेच असले तरी वाट बदलली की औषधही निराळे होते. बादलीत टाकून पाय बुडवल्याने कोणाचे झटके थांबत नाहीत. गरोदर बाईचे डोके दुखत असताना आणि सूज वाढत असताना घरात पाय शेकत बसणे हे घातक आहे, कारण त्यात वेळ जातो.

सुरक्षिततेबाबत माझ्या व्यवसायातील एक काळजी लिहितो. रुग्णालयांतील जोखमीच्या औषधांच्या याद्यांमध्ये शिरेतून द्यायच्या मॅग्नेशियम सल्फेटचे नाव असते, आणि त्यामागे औषधाचा दोष कमी व लिहिण्या-वाचण्याचा दोष अधिक आहे. ‘५’ एवढेच लिहिले तर ते ५ ग्रॅम की ५ मिलिलिटर? ५० टक्के द्रावणात या दोन्हींत दुपटीचा फरक पडतो. काही ठिकाणी मात्रा ग्रॅमऐवजी मिलिइक्विव्हॅलंट या क्षार मोजण्याच्या एककात लिहितात. १ ग्रॅम म्हणजे सुमारे ८ मिलिइक्विव्हॅलंट. हे ठाऊक नसलेल्या माणसाच्या हाती तो कागद पडला तर अनर्थ होतो. एमजीएसओ-फोर असे संक्षेपाने लिहिले तर मॉर्फिन सल्फेटच्या एमएसओ-फोर या संक्षेपाशी गल्लत झाल्याची उदाहरणे आहेत. प्रसूतिकक्षात कळांचे ऑक्सिटोसिन आणि मॅगसल्फ अशा दोन सलाईनच्या नळ्या शेजारी-शेजारी लटकत असतात. ज्या नळीवर नावाची चिठ्ठी नाही, तिची चकती फिरवायला हात लावू नये असा नियम मी माझ्या ओळखीच्या प्रत्येक सिस्टरांना सांगतो.

नीराताई, तुमच्या सिस्टरांनी औषधाचे पूर्ण नाव नसले तरी रूढ नाव, ग्रॅममध्ये मात्रा, बाजू आणि मिनिटासह वेळ लिहिली. पुढच्या रुग्णालयाला नेमके हेच लागते, नाहीतर स्नायूतली मात्रा पुन्हा दिली जाण्याचा धोका असतो.

सांजवात (मंगळवार, दुपारी १.३०)

हा धागा वाचून मला राहवले नाही. आठ वर्षांपूर्वी माझ्या भावजयीला नवव्या महिन्यात अशीच लक्षणे होती. तालुक्याच्या गावी एका खासगी प्रसूतिगृहात आम्ही तिला नेले. रक्तदाब खूप वाढला होता, छातीच्या खाली उजव्या बाजूला दुखत होते. तेथील डॉक्टरांनी झोपेचे इंजेक्शन दिले आणि शहरात घेऊन जा असे सांगितले. मॅगसल्फचे काय, असे माझ्या परिचारिका असलेल्या मैत्रिणीने फोनवरून विचारले, तेव्हा उत्तर मिळाले की “त्याने श्वास थांबतो, येथे ती जोखीम आम्ही घेत नाही.” सव्वा तासाच्या रस्त्यात गाडीतच तिला दोन झटके आले. तिची जीभ चावली गेली, ओठ निळे पडले. ती वाचली. बाळ वाचले नाही.

मला आजही कळत नाही. ज्या औषधाची भीती वाटते ते द्यायचे नाही, हे सावधपणाचे झाले का?

मळवाट (मंगळवार, रात्री १०.२०)

मी स्त्रीरोग व प्रसूतितज्ज्ञ आहे. सांजवात यांनी जे सोसले आहे त्याला उत्तर म्हणून लिहिलेले कोणतेही वाक्य अपुरेच पडेल. तरीही त्यांच्या प्रश्नाला मी नीट उत्तर देणे लागतो: नाही, तो सावधपणा नव्हता.

हे औषध एक्लॅम्पसियासाठी, म्हणजे गरोदरपणात रक्तदाब वाढून येणाऱ्या झटक्यांसाठी, विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून वापरात आहे. अमेरिकेत डॅलसच्या पार्कलंड रुग्णालयात जॅक प्रिचर्ड यांनी १९५५ पासून त्याची एक ठरावीक पद्धत बसवली. प्रसूतिकक्ष यांनी वर सांगितलेली ४ ग्रॅम शिरेतून, १० ग्रॅम स्नायूत आणि मग दर चार तासांनी ५ ग्रॅम ही मात्रा त्यांचीच. मात्र युरोपात डायझेपाम आणि फेनिटॉइन या झटक्यांवरच्या दुसऱ्या औषधांवर भर राहिला. आपल्याकडे मद्रासचे डॉ. कृष्ण मेनन यांनी १९६१ साली मांडलेले तीन गुंगीच्या औषधांचे मिश्रण पुष्कळ वर्षे वापरले गेले. आपापल्या पद्धतीवर प्रत्येकाचा विश्वास होता आणि समोरासमोर तुलना कोणी केलेली नव्हती.

ती १९९५ साली झाली. भारतासह अनेक देशांतील १,६८७ स्त्रियांवर केलेल्या अभ्यासात, मॅगसल्फ दिलेल्यांना पुन्हा झटका येण्याचे प्रमाण डायझेपामच्या तुलनेत ५२ टक्क्यांनी आणि फेनिटॉइनच्या तुलनेत ६७ टक्क्यांनी कमी आढळले. मग दुसरा प्रश्न उरला: झटका अजून आलेलाच नाही, फक्त प्री-एक्लॅम्पसिया, म्हणजे वाढलेला रक्तदाब आणि लघवीतून प्रथिने जाणे, आहे, अशा स्त्रीला ते द्यावे का? त्याचे उत्तर २००२ साली मॅगपाय या नावाने ओळखल्या जाणाऱ्या अभ्यासाने दिले. ३३ देशांतील १०,१४१ स्त्रियांपैकी निम्म्यांना मॅगसल्फ व निम्म्यांना तसेच दिसणारे निष्क्रिय द्रावण दिले होते. झटके आले ते अनुक्रमे ०.८ टक्के आणि १.९ टक्के स्त्रियांना. म्हणजे दर हजारात अकरा जणींचा झटका टळला. अंगाची आग, मळमळ असे त्रास मात्र पहिल्या गटात सुमारे चौघींपैकी एकीला झाले, दुसऱ्या गटात वीसपैकी एकीला. हा सौदा कोणत्याही आईला मान्य होईल असा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत हे औषध आहे, आणि ते महागही नाही.

श्वास थांबण्याची भीती निराधार नाही, पण तिला आकडे आहेत. उपचारासाठी रक्तात लिटरमागे ४ ते ७ मिलिइक्विव्हॅलंट एवढे प्रमाण लागते. सुमारे १० ला गुडघ्याची प्रतिक्षिप्त क्रिया जाते. श्वसनाचे स्नायू लुळे पडण्याची शक्यता त्यापुढे, १२ च्या आसपास आणि वर, येते, आणि हृदय थांबते ते याहून बऱ्याच वरच्या पातळीला. एका पहिल्या मात्रेने मूत्रपिंड धड असलेली स्त्री त्या टोकाला पोहोचत नाही. हे औषध जवळपास सगळे मूत्रपिंडांतून बाहेर पडते, म्हणून धोका पुढच्या मात्रांचा, आणि तोही लघवी थांबलेली असताना कोणी पाहत नसेल तर. रक्तातील पातळी मोजायला प्रयोगशाळा हवी, पण गुडघा पाहायला हातोडी नसली तरी तळहाताची कड पुरते. प्रमाण वाढलेच तर १० टक्क्यांचे कॅल्शियम ग्लुकोनेट १० मिलिलिटर सावकाश शिरेतून द्यायचे आणि गरज पडल्यास श्वासाला आधार द्यायचा. उतारा असलेले आणि आधी इशारा देणारे औषध टाळून, गुंगी आणून जीभ व श्वासनलिका असुरक्षित करणारे औषध देणे, हे तर जास्त जोखमीचे आहे.

ते कोणाला देऊ नये हेही सांगितले पाहिजे. मायस्थेनिया ग्रॅव्हिस हा स्नायूंचा आजार असलेल्या स्त्रीला ते देत नाहीत. मूत्रपिंडाचे काम मंदावलेले असेल तर सुरुवातीची मात्रा देतात, पण पुढच्या मात्रा कमी करतात किंवा थांबवतात. भूल देणाऱ्या डॉक्टरांना ते चालू असल्याचे सांगावेच लागते, कारण शस्त्रक्रियेत स्नायू शिथिल करणाऱ्या औषधांचा परिणाम त्याने वाढतो. आणखी एक गैरसमज डॉक्टरांमध्येही आढळतो: हे रक्तदाबाचे औषध नव्हे. १७०/११० उतरवायला लॅबेटॅलॉल किंवा निफेडिपिन स्वतंत्रपणे द्यावे लागते. मॅगसल्फ मेंदूला झटक्यापासून राखते, आणि आजाराचा शेवट वार बाहेर पडल्यावरच सुरू होतो. म्हणून बाळंतपण लवकर करावे लागले.

बाळाच्या वजनाबद्दल सासूबाईंना शांतपणे सांगावे, ही माझी विनंती आहे. प्री-एक्लॅम्पसियात वारेतून रक्तपुरवठा कित्येक आठवडे आधीपासून कमी असतो, त्यामुळे बाळ लहान राहते. शिवाय बाळ पाच-सहा आठवडे लवकर आले. आदल्या दिवशीच्या इंजेक्शनाने कोणाचे वजन घटत नाही. जन्मल्यावर बाळ थोडे सुस्त, अंगाने सैल वाटू शकते, ते काही काळाने ओसरते. उलट बत्तीस आठवड्यांच्या आत बाळंतपण होणार असेल, तर बाळाच्या मेंदूला जपण्यासाठी म्हणूनच हे औषध आईला देतात. त्याने सेरेब्रल पाल्सीचे, म्हणजे मेंदूच्या इजेमुळे बाळाच्या हालचाली बिघडण्याचे, प्रमाण कमी होते, हे २००८ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासासह अनेक अभ्यासांत दिसले आहे. तुमची भाची त्या मुदतीच्या पुढची होती, तेव्हा तिच्या बाबतीत हेतू आईचाच होता. बाळाला खरा अपाय होऊ शकतो तो हे औषध कळा थांबवण्यासाठी म्हणून सलग पाच-सात दिवसांहून जास्त चालू ठेवल्यास. त्याने बाळाच्या हाडांतील कॅल्शियम घटते, आणि अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१३ साली तसा इशारा दिला. एका दिवसाच्या उपचाराला तो लागू नाही.

आपल्या स्त्रिया अंगाने लहान असतात, म्हणून मात्रा कमी करावी का, हा प्रश्न भारतात आणि बांगलादेशात बऱ्याच वर्षांपासून विचारला जातो. ढाक्याची कमी मात्रेची पद्धत प्रसिद्ध आहे आणि काही विभागांत ती वापरतातही. जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस मात्र पूर्ण मात्रेचीच आहे, आणि मी तीच पाळतो.

शिवार (बुधवार, सकाळी ६.५०)

मी कापूस उत्पादक शेतकरी आहे. कपाशीवर लाल्या आला, म्हणजे पाने लाल पडू लागली, की आम्ही मॅग्नेशियम सल्फेटची फवारणी करतो, त्यामुळे आमच्या घरात त्याचे पोते असतेच. माझ्या वडिलांना वीस वर्षांपासून मधुमेह आहे. दोन वर्षांपूर्वी मोबाइलवर आलेला यकृत स्वच्छ करण्याचा एक व्हिडिओ पाहून त्यांनी दुकानातून एप्सम सॉल्ट आणले आणि रोज रात्री दोन चमचे कोमट पाण्यातून घेतले. पाचव्या दिवशी ते हाक मारल्यावर डोळे उघडत आणि पुन्हा मिटत, हात उचलता येईना, नाडी मंद लागत होती. आम्हाला पक्षाघात वाटला. रुग्णालयात रक्ततपासणीत मॅग्नेशियम खूप वाढलेले निघाले, आणि मूत्रपिंडे पूर्वीच निकामी होत आली होती हेही त्याच वेळी समजले. डायलिसिस करावे लागले. ते बरे झाले, पण हा प्रकार लोकांना कळावा असे वाटते. पोटात घेतल्यावर फार थोडे शोषले जाते असे वर लिहिले आहे, मग हे कसे झाले?

कुपी (बुधवार, सकाळी ९.१०)

फार थोडे शोषले जाते हे मी लिहिले, पण तेवढ्याने भागत नाही, हे मी तेथेच लिहायला हवे होते. आपण लक्षात आणून दिलेत, त्याबद्दल आभारी आहे. निरोगी माणसात शोषलेले मॅग्नेशियम मूत्रपिंडे काढून टाकतात. आपल्या वडिलांच्या शरीराला ती वाट बंद होती, त्यामुळे रोजचे थोडे-थोडे साचत गेले. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी एप्सम सॉल्टच नव्हे, तर मिल्क ऑफ मॅग्नेशियासारखी रेचके आणि मॅग्नेशियम असलेली आम्लपित्तावरची पातळ औषधेही डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत. वृद्धांमध्ये मूत्रपिंडांची क्षमता घटलेली असूनही बाहेरून काहीच दिसत नाही, आणि बद्धकोष्ठामुळे हीच माणसे ही औषधे महिनोन्‌महिने घेतात.

यकृत स्वच्छ करण्याच्या त्या कृतीत एप्सम सॉल्टबरोबर ऑलिव्ह तेल आणि लिंबाचा रसही पाजतात, आणि दुसऱ्या दिवशी शौचातून हिरवट गोळ्या पडल्या की पित्ताशयातील खडे पडले असे समजतात. अशा गोळ्यांची तपासणी झालेली आहे. त्या तेलापासून आतड्यात तयार झालेल्या साबणासारख्या होत्या.

पोत्यातील माल पिकासाठी असतो. त्याची शुद्धता औषधाच्या प्रतीची नसते. तो चमचाभरही पोटात जाऊ नये, आणि साखरेसारखा दिसत असल्याने स्वयंपाकघराच्या जवळही ठेवू नये.

मळवाट (बुधवार, दुपारी २.४५)

शिवार यांच्या वडिलांची झोपाळू अवस्था, हातापायांतील शक्ती जाणे आणि मंद नाडी ही प्रसूतिकक्षात आम्ही ज्याची राखण करतो तीच लक्षणे आहेत, फक्त तेथे पाहायला कोणी नव्हते.

प्रसूतीखेरीज इतर वापर थोडक्यात सांगतो. तोंडावाटे व वाफेतून दिलेल्या औषधांना दाद न देणाऱ्या तीव्र दम्यात २ ग्रॅम वीस मिनिटांत शिरेतून देतात. टॉर्साड या विशिष्ट जीवघेण्या हृदयलयीत २ ग्रॅम देतात, आणि तेथे तेच पहिले औषध आहे. दीर्घकाळ जुलाब, मद्यपान, लघवी वाढवणारी औषधे किंवा आम्लपित्ताच्या गोळ्या यांमुळे रक्तातील मॅग्नेशियम घटले तर ते भरून काढायला देतात. धनुर्वातात त्याने स्नायूंचे झटके आवरायला मदत होते. ही सगळी कामे रुग्णालयातली आहेत.

नीरा (बुधवार, रात्री ८.३०)

सर्वांचे मनापासून आभार. सांजवातताई, तुमचे लिहिणे मी आईला वाचून दाखवले आणि आम्ही दोघी बराच वेळ गप्प बसलो.

दोन शंका उरल्या आहेत. बहिणीच्या हातावर सलाईनची जागा सुजली होती. तेथे सिस्टरांनी पांढरी पूड कशात तरी कालवून पट्टी बांधली आणि तिलाही मॅगसल्फच म्हटले. ते काय असते? आणि तिला घरी सोडल्यावर आम्ही काय सांभाळायचे?

प्रसूतिकक्ष (बुधवार, रात्री १०.००)

ती ग्लिसरीन-मॅगसल्फची पट्टी. मॅगसल्फची पूड ग्लिसरीनमध्ये दाटसर कालवून गॉजवर पसरायची आणि सुजेवर ठेवायची. ते मिश्रण पाणी ओढून घेते, म्हणून सूज आणि ठणका उतरायला मदत होते असा आम्हा परिचारिकांचा अनुभव आहे. ती फक्त अखंड कातडीवर लावायची. जखम उघडी असेल, पू असेल किंवा हात लाल होऊन ताप आला असेल, तर पट्टी बांधून वाट पाहू नका, डॉक्टरांना दाखवा.

घरी सोडल्यानंतरचे सांगते. झटका बाळंतपणानंतरही येऊ शकतो. पहिले दोन दिवस सर्वांत नाजूक असतात, पण त्यानंतरही कित्येक दिवस तो येऊ शकतो. घरात पाहुण्यांची वर्दळ असते आणि बाळंतिणीचे डोके दुखते ते जागरणामुळे असे सगळे समजून चालतात. तिचे डोके दुखले, दिसायला अंधुक झाले, छातीखाली दुखले किंवा धाप लागली, तर रात्र असो वा अमावास्या, रुग्णालयात न्यायचे. रक्तदाबाच्या गोळ्या बरे वाटले म्हणून स्वतःहून बंद करायच्या नाहीत. आशाताईंना सांगून रक्तदाब वरचेवर मोजून घ्या. दूध पाजायला कोणतीही आडकाठी नाही.

मळवाट (बुधवार, रात्री १०.२५)

यात एक भर घालतो. पुढच्या खेपेस दिवस राहिल्याचे कळताच डॉक्टरांना हा पूर्वेतिहास सांगावा. बाराव्या आठवड्यापासून, सोळाव्याच्या आत, कमी मात्रेची अ‍ॅस्पिरिनची गोळी सुरू केली तर हा आजार पुन्हा होण्याची शक्यता घटते. ती डॉक्टरांनीच सुरू करायची असते. बहिणीला पुढेही वर्षातून एकदा रक्तदाब तपासायला सांगा, कारण अशा स्त्रियांना पुढील आयुष्यात रक्तदाबाचा त्रास होण्याची शक्यता जास्त असते. रुग्णालयातील सुटीचा कागद आणि आरोग्य केंद्राची चिठ्ठी, दोन्ही जपून ठेवा.

नीरा (रविवार, सकाळी ११.२०)

काल बहिणीला घरी सोडले. आज सकाळी आशाताईंनी रक्तदाब मोजला, तो १३८/८८ भरला. भाचीचे वजन १ किलो ८६० ग्रॅम झाले आहे आणि ती आता वाटी-चमच्याने आईचे दूध घेते. तिला आणखी काही दिवस तेथेच ठेवणार आहेत.

सासूबाईंना मी हा सगळा मजकूर वाचून दाखवला. प्रसूतिकक्षताईंनी लिहिलेली रात्री दोन वाजताची हकिगत त्यांनी दोनदा वाचायला लावली. मग त्यांनी ती आरोग्य केंद्राची चिठ्ठी मागून घेतली, तिच्यावरची वेळ बोट ठेवून वाचली आणि विचारले, “रुग्णालयात आपण किती वाजता पोहोचलो होतो?” मी सांगितले, एक वाजून दहा मिनिटांनी. त्या काही बोलल्या नाहीत. चिठ्ठी त्यांनी स्वतःच्या हाताने बहिणीच्या फाइलमध्ये सर्वांत वर लावली आणि सोमवारी लसीकरणाच्या दिवशी आरोग्य केंद्रात जाणार आहे, असे आईला सांगितले.